वाचलेली मिनिटे कोणाच्या पदरात?

लग्नाकार्यात कोणी भेटले आणि ‘सध्या काय करता?’ असे विचारले, की माझी थोडी पंचाईत होते. ‘हॉस्पिटलांना सल्ला देणाऱ्या कंपनीत आहे,’ एवढे म्हणायचा अवकाश, समोरची व्यक्ती आपल्या गुडघ्याचे दुखणे सांगू लागते. मी डॉक्टर नाही हे कळल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘मग डॉक्टरांना तुम्ही काय सांगता?’

प्रश्न रास्त आहे. रोग कोणता आणि औषध कोणते, याबद्दल आम्ही चकार शब्द काढत नाही. आम्ही बघतो ते रुग्णालय कसे चालते ते. आमची पुण्यातली कंपनी लहानशी. दवाखाना सोडून इकडे वळलेले दोन डॉक्टर, एक वास्तुविशारद, एक हिशेबतज्ज्ञ, हॉस्पिटल व्यवस्थापन शिकून आलेली पाचसात तरुण मुले आणि तीस वर्षे वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या एक मेट्रन. यांत सर्वांत उपयोगी कोण, असे विचाराल तर मी मेट्रनबाईंचे नाव घेईन.

आमच्याकडे येणारी कामे साधारण तीन प्रकारची. तालुक्याच्या गावी पंधरा खाटांचे नर्सिंग होम चालवणारे डॉक्टर दांपत्य येते. त्यांना शंभर खाटांचे रुग्णालय बांधायचे असते. या भागाला शंभर खाटा लागतात का, इथपासून ते लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवे मावेल का, मळलेल्या चादरी कोणत्या जिन्याने खाली जातील, इथपर्यंत सगळे ठरवावे लागते. दुसरे काम चालत्या रुग्णालयांचे. रुग्णांची रीघ असते, तरी महिनाअखेर ताळमेळ बसत नाही. तिसरे काम मानांकनाचे. रुग्णालयांची गुणवत्ता तपासणारे ‘एनएबीएच’ हे मंडळ आपल्याकडे २००५ साली स्थापन झाले. तेव्हापासून या कामाला बरकत आली.

मानांकनाच्या निमित्ताने माणसाचा स्वभावही कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एकोणीस कलमांची सुरक्षा यादी तयार केली. रुग्ण तोच ना, बाजू तीच ना, शेवटी कापसाचे बोळे मोजले ना, अशी साधी कलमे. ती त्या त्या क्षणी मोठ्याने विचारायची असतात. काही ठिकाणी मात्र सगळ्या खुणा एकाच शाईने, एकाच बैठकीत, ऑपरेशन उरकल्यावर केलेल्या दिसतात. मेट्रनबाई कागद उजेडात धरतात आणि काही न बोलता परत देतात. पुढच्या खेपेला खुणा निरनिराळ्या शाईच्या असतात. तेवढ्याने काम झाले असे मानायचे नसते, म्हणून मग त्या स्वतः थिएटरात जाऊन उभ्या राहतात.

ही निरीक्षणाची विद्या आजची नाही. क्रिमियाच्या युद्धातून परतलेल्या फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली आकृत्या काढून दाखवून दिले, की सैनिक जखमांपेक्षा रोगराईने अधिक मेले. अमेरिकेत वीट रचण्याच्या कामापासून सुरुवात केलेल्या फ्रँक गिलब्रेथ यांनी १९१०च्या दशकात शस्त्रक्रियांचे चित्रीकरण करून मिनिटे मोजली. शल्यविशारदाचा कितीतरी वेळ हत्यार शोधण्यात जातो, असे त्यांना आढळले. परिचारिकेने हत्यार नेमके हातात द्यावे, हा त्यांचा आग्रह. आज ती रीत आपल्याला जन्मापासूनची वाटते.

आम्हीही तेच करतो. हातात घड्याळ आणि वही घेऊन बसून राहतो. आम्हाला पाहून कर्मचाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. ‘घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं,’ असे एका सिस्टरने आमच्यासमोरच म्हटले होते. माणसे कमी करायला आले, ही भीती त्यामागे असते, आणि ती दरवेळी निराधार असते असेही नाही. रुग्णालयाची खरी माहिती मिळते ती मावशी आणि मामांकडून. केबिनमधल्या तक्त्यात ‘ट्रॉली उपलब्ध’ असे लिहिलेले असते. ट्रॉली असते, पण भेटीच्या वेळी लिफ्ट नातेवाइकांनी भरलेली असते, म्हणून ती वर येत नाही, हे मावशी सांगतात.

आता एक उदाहरण, जे प्रत्येक घराने भोगलेले आहे. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, ‘आज घरी जा.’ पिशव्या भरून होतात, रिक्षाला फोन होतो, आणि प्रत्यक्षात बाहेर पडायला संध्याकाळचे पाच वाजतात. मधले सात तास जातात कुठे? एका शंभर खाटांच्या रुग्णालयात आम्ही आठवडाभर हेच मोजले. डिस्चार्जचा कागद लिहिणारा निवासी डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेला. न वापरलेली औषधे परत करायला मामा एकदाच निघणार, सगळ्या वॉर्डांची मिळून. औषधे परत गेल्याशिवाय बिल नाही. बिलाशिवाय विमा कंपनीकडे कागद नाही. तिकडून मंजुरी येईपर्यंत जेवणाची वेळ टळलेली. कोणीही आळशी नव्हते. प्रत्येकजण दुसऱ्याची वाट पाहत होता.

उपाय मोठा नव्हता. उद्या कोणाला सोडायचे हे आज संध्याकाळीच ठरवायचे, कागद रात्री लिहून ठेवायचा, औषधे सकाळी आठला परत पाठवायची. महिन्याभरात दुपारी एकच्या आत माणसे घरी जाऊ लागली. अपघात विभागात स्ट्रेचरवर ताटकळणाऱ्याला खाट मिळू लागली. त्या दिवसांत मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला, हे कबूल करते.

पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे. शंभर खाटा भरलेल्या असतील आणि रुग्ण सरासरी पाच दिवस राहत असेल, तर रोज वीस नवे रुग्ण घेता येतात. मुक्काम चार दिवसांवर आणला तर पंचवीस. एकही वीट न रचता पाच रुग्ण वाढले. मालकाला हे गणित फार लवकर कळते, कारण कमाई पहिल्या दोन दिवसांत, तपासण्या आणि शस्त्रक्रियेत असते. नंतरचे दिवस नुसत्या खाटभाड्याचे.

मुक्काम कमी होणे वाईट नाही. बरा झालेला माणूस घरीच लवकर सावरतो. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. एका डॉक्टरसाठी दोन टेबले मांडायची, एकावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार ठेवायचा, अशी तिथली पद्धत. मिनिटांची काटकसर तिथेही आहे. पण वाचलेल्या मिनिटांत गरिबांचे मोतीबिंदू फुकट काढले गेले. म्हणजे प्रश्न घड्याळाचा नाही. वाचलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, याचा आहे.

एका मोठ्या रुग्णालयाच्या बैठकीत हा प्रश्न माझ्यासमोर उभा राहिला. बाह्यरुग्ण विभागात तपासलेल्यांपैकी किती जण भरती झाले, याचा डॉक्टरवार तक्ता व्यवस्थापनाला हवा होता. या धंद्यात त्याला ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. तक्ता पडद्यावर आला. तळाशी नाव होते एका ज्येष्ठ शल्यविशारदांचे. ते शांतपणे म्हणाले, ‘बाई, ज्याला मी ऑपरेशनची गरज नाही असं सांगून घरी पाठवलं, तो यातल्या कोणत्या रकान्यात आहे?’

तो कोणत्याच रकान्यात नव्हता. परत आल्यावर आमच्या कचेरीत दोन दिवस वाद झाला. ‘आपलं बिल हॉस्पिटल देतं, पेशंट नाही,’ असे हिशेबतज्ज्ञ म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी आमच्या प्रमुखांनी डॉक्टरवार तक्ता अहवालातून वगळला. त्याऐवजी तीस दिवसांत पुन्हा भरती झालेल्यांचा आकडा घातला. व्यवस्थापनाने अहवाल घेतला, आभार मानले, आणि वगळलेला तक्ता स्वतः तयार करून घेतला. पुढचे काम आमच्याकडे आले नाही. वीस माणसांच्या कंपनीला त्याची झळ चांगलीच बसली. त्या वर्षी कोणाचाच पगार वाढला नाही.

मेट्रनबाईंनी मात्र त्यातून एक गोष्ट पुढे नेली. लवकर घरी गेलेल्यांना त्या फोन करू लागल्या. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी घरी पाठवलेल्या एक आजी तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. इमारतीला लिफ्ट नव्हती, मुलगा आणि सून दोघेही नोकरीला. आकड्यांत आजींचा डिस्चार्ज उत्तम होता. बाईंच्या हट्टाने आमच्या नमुन्यात तीन ओळी वाढल्या: घर कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, दिवसा घरी कोण असते. काही रुग्णालयांनी त्या ठेवल्या, काहींनी ‘फॉर्म लांबतो’ म्हणून काढल्या.

रुग्ण आमचे गिऱ्हाईक नाहीत, म्हणून त्यांच्या बाजूचे प्रश्न घरच्यांनीच विचारले पाहिजेत. महाराष्ट्रात २०२१च्या नियमांनुसार नर्सिंग होममध्ये दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. ती शोधा. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ साली कंपन्यांना बजावले, की रोकडविरहित उपचाराच्या अर्जावर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा. याची आठवण करून द्यायला संकोच नको. ‘उद्या सोडणार का?’ हे आदल्या संध्याकाळी विचारा. आणि जिने किती चढायचे आहेत, हे कोणी विचारले नाही तरी आपणहून सांगा.