कामाआधी कागद

गुढीपाडव्याच्या आसपास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, तारीख ठरते, सुपारीचा आकडा ठरतो, विसार मोजून घेतला जातो, कागद होतो आणि मगच फडाची गाडी त्या गावच्या रस्त्याला लागते. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू करणारी आपली शिकलेली मुलं मात्र पहिलं काम घेतात ते ‘तू सुरू तर कर, पैशाचं बघू आपण’ एवढ्यावर. याचं मला फार वाईट वाटतं.

काम मिळेल का, ही सुरुवातीची धास्ती खरीच आहे. पण अनुवाद-संपादनाच्या या धंद्यात मी जे पाहत आले, त्यावरून सांगते, नवख्या माणसाला काम न मिळाल्याने बसत नाही इतका फटका केलेल्या कामाचे पैसे न मिळाल्याने बसतो. काम बहुतेकांना ओळखीतून मिळतं. जुन्या ऑफिसातला सहकारी नव्या कंपनीत जातो आणि फोन करतो. पैसेही ओळखीतच अडकतात, कारण ओळखीच्या माणसाकडे लेखी काय मागायचं, हा संकोच आड येतो.

लेखी म्हणजे स्टॅम्पपेपर नव्हे. फोनवर बोलणं झालं की त्याच दिवशी एक ईमेल टाकायचा: ‘आज बोलल्याप्रमाणे माहितीपुस्तिकेचा मराठी अनुवाद, अंदाजे आठ हजार शब्द. दर शब्दामागे अमुक. निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली काम हाती दिल्यापासून तीस दिवसांत. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या यात धरल्या आहेत. मूळ मजकूर बदलल्यास वेगळी आकारणी. तुमचा होकार आला की सुरुवात करते.’ आणि होकार येईपर्यंत खरोखरच सुरुवात करायची नाही. दुरुस्तीच्या फेऱ्यांचं वाक्य ज्यांनी घातलेलं नसतं, त्यांच्याकडून एकाच लोगोची आठ-दहा रूपं फुकटात करून घेतली जातात. आगाऊ रकमेचा नुसता उल्लेख केला तरी समोरच्याची नियत बरीचशी कळते. ज्याला पैसे द्यायचेच आहेत तो घासाघीस करतो, पण विषय टाळत नाही.

दर ठरवताना पगाराला पंचवीस दिवसांनी भागायची सवय मोडावी लागते. महिना चाळीस हजार हातात हवेत असं धरा. इंटरनेट, वीज, लॅपटॉपची झीज, आरोग्य विमा यांचे आठ हजार त्यात मिळवा. झाले अठ्ठेचाळीस. महिन्यातले सगळे दिवस बिल लावता येईल असे नसतात. चौकश्यांना उत्तरं देणं, नमुने पाठवणं, हिशेब, थकबाकीचे फोन यांत निम्मे दिवस जातात. बिलाचे बारा दिवस उरले तर दिवसाचे चार हजार होतात, सोळाशे नव्हेत. सोळाशेने सुरू केलेलं काम पुढे चार हजारांवर नेता येत नाही. त्याच माणसाला वाढीव दर सांगताना जीभ अडखळते, म्हणून पहिलाच आकडा नीट काढलेला बरा.

आता थकबाकी. ‘बिल अकाउंट्सला दिलंय’, ‘सर सध्या बाहेर आहेत’, ‘या महिन्याचं सायकल गेलं’ ही उत्तरं प्रत्येक फ्रीलान्सरला पाठ असतात. आपल्या बाजूने कायदा आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा सेवा देणाऱ्यांनाही लागू आहे. एकटा माणूसही ‘उद्यम’ पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे नोंदणी करू शकतो. ती मोफत आहे, कोणा एजंटला हजार-दोन हजार देण्याची गरज नाही. नोंदणीनंतर केलेल्या कामाचे पैसे लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि काहीही ठरलं असलं तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. मुदत लिहिलेलीच नसेल तर पंधरा दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या वित्त कायद्याने त्यावर आणखी एक गाठ मारली. सूक्ष्म वा लघु उद्योगाला मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. त्यामुळे बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक छापा. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले असा क्रमांक असलेली बिलं वेगळी काढतात. इतकं करूनही पैसे सुटले नाहीत, तर सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते. एका ग्राहकासाठी तिथवर जावं का, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण मुदतीचा नियम नमूद केलेला एक सभ्य ईमेल पुष्कळदा पुरतो.

हक्कांचंही तसंच. नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो, बाहेरून करून दिलेल्या लेखनाचा मात्र लेखकाचा. तो दुसऱ्याकडे जायला लेखी आणि सहीचा कागद लागतो आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. फोटोग्राफर आणि चित्रकारांनी इथे जास्त सावध राहावं. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा किंवा चित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, काम सांगणाराच असतो.

कराचं थोडक्यात सांगते. बिलातून कापलेला टीडीएस बुडीत नसतो, तो तुमच्या नावावर भरलेला कर असतो, रिटर्नमध्ये वळता होतो. महाराष्ट्रात व्यवसाय कराचे वर्षाला अडीच हजार आता स्वतः भरायचे. उत्पन्नाचा निम्मा भाग नफा धरायची सवलत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आयटी अशा ठरावीक व्यवसायांना आहे. अनुवादकाने किंवा डिझायनरने ती गृहीत धरू नये, सीएला विचारावं.

आणि राजीनामा देण्याआधी आरोग्य विमा स्वतःच्या नावावर घ्या. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. नव्या पॉलिसीत अपघात सोडून इतर आजारांना सुरुवातीचे 30 दिवस संरक्षण नसतं आणि आधीपासूनच्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. घरकर्जाचा विचार असेल तर तोही अर्ज हातात पगाराच्या स्लिपा असतानाच करावा. फ्रीलान्सरकडून बँका दोन-तीन वर्षांची रिटर्न्स मागतात.