क्रेडिट कार्डाची बाकी दुसऱ्या कार्डावर नेताना : बॅलन्स ट्रान्सफरचे गणित

महाराष्ट्रात परवानाधारक सावकार शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज देतो, तेव्हा त्याला वर्षाला १८ टक्क्यांहून जास्त व्याज घेता येत नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सरकारने ही मर्यादा घालून दिली आहे. त्याच माणसाच्या खिशातल्या क्रेडिट कार्डावर मात्र महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के व्याज लागू शकते आणि ते पूर्णपणे कायदेशीर असते. बँकांना सावकारीचा कायदा लागू होत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. त्यामुळे कार्डाच्या व्याजाला वरून कुणी आळा घालील, या आशेवर बसण्यात अर्थ नाही. व्याज कमी करायचे तर ते आपल्यालाच करावे लागेल, आणि त्याचा एक मार्ग म्हणजे बॅलन्स ट्रान्सफर.

हा विषय आपल्या संकेतस्थळावर कशासाठी, असे काहींना वाटेल. पुलगावात फिरताना मला जे दिसते त्यासाठी. दारूगोळा डेपोतले आणि रेल्वेतले कायम कर्मचारी, काही शिक्षक आणि त्यांच्याभोवती मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार, अशी इथल्या आपल्या वस्त्यांची रचना आहे. कापूस गिरणी चालू होती तेव्हा उधारी किराणा दुकानाच्या वहीत असे. दुकानदार ओळखीचा असे, पगाराची तारीख त्याला माहीत असे आणि दोन महिने तंगीचे गेले तर वहीतला आकडा तेवढाच राही. आज ती उधारी कार्डावर गेली आहे. वापरणारा बहुधा घरातला पहिला पगारदार असतो. मागे शेती नाही, वडिलांची ठेव नाही. बहिणीचे लग्न, आईचा दवाखाना, भावाची परीक्षा फी, सगळे त्या एका कार्डावर येते. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२३ साली प्रसिद्ध केला, त्याचा उल्लेख आपण दर जयंतीला करतो. घरातल्या व्याजाचा हिशेब मात्र आपल्या एकाही शिबिराच्या विषयपत्रिकेवर मी पाहिलेला नाही.

आधी कार्डाचे व्याज कसे चालते ते पाहू. बिलावर दोन आकडे असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारण पाच टक्क्यांच्या आसपास असते. ती भरली की विलंब शुल्क लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत आणि सगळे सुरळीत चालले आहे असे वाटते. पण उरलेल्या रकमेवर व्याज चालू होते, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि पुढच्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. ४५-५० दिवस बिनव्याजी ही सवलत संपूर्ण बिल भरणाऱ्यालाच असते. कार्डाने एटीएममधून रोख काढली तर तीही नसते.

समजा बाकी ६०,००० रुपये आहे आणि दर महिन्याला साडेतीन टक्के. पहिल्या महिन्याचे व्याज २,१०० रुपये, त्यावर जीएसटी ३७८, एकूण २,४७८. तुम्ही ३,००० भरले तर मुद्दल कमी झाले फक्त ५२२ रुपयांनी. नवीन एक रुपयाही खर्च न करता दरमहा ३,००० भरत राहिलात तरी कर्ज फिटायला साडेतीन वर्षांहून जास्त, म्हणजे ४४ महिने लागतात आणि भरलेली एकूण रक्कम होते सुमारे १ लाख ३० हजार. म्हणजे ६० हजारांवर ७० हजार व्याज आणि कर. मुद्दलापेक्षा व्याज जास्त झाले की आपले आजोबा त्याला सावकारी पिळवणूक म्हणत. इथे ते मोबाईलवर 'पेमेंट यशस्वी' अशा हिरव्या खुणेसह घडते.

या अवस्थेत आपली पोरे एक उपाय करतात आणि तो गावोगाव चालतो. ओळखीच्या दुकानात दुसरे कार्ड घासायचे, दुकानदार दोन-तीन टक्के कापून रोख देतो, ती पहिल्या कार्डावर भरायची. पुढच्या महिन्यात उलट. याला 'कार्ड फिरवणे' म्हणतात. यात व्याज वाचल्यासारखे वाटते, पण दर महिन्याला कापले जाणारे दोन-तीन टक्के मिळून वर्षाचे २४ ते ३६ टक्के होतात आणि मुद्दल आहे तिथेच राहते. शिवाय खरेदी न करता खरेदी दाखवणे हा बँकेच्या अटींचा भंग आहे. लक्षात आले तर कार्ड बंद होते आणि सगळी बाकी एकदम मागितली जाते.

बॅलन्स ट्रान्सफर हे याचे सरळ, अधिकृत रूप आहे. तुमच्याकडे दुसऱ्या बँकेचे कार्ड हवे. एकाच बँकेच्या दोन कार्डांमध्ये हे होत नाही. दुसरी बँक तिच्या कार्डाच्या मर्यादेतून, बहुधा पूर्ण नाही तर काही भागातून, रक्कम थेट तुमच्या जुन्या कार्डाच्या खात्यात भरते. तेवढी मर्यादा तिच्याकडे अडकते आणि तुम्ही तिला ठरलेल्या मुदतीत हप्त्यांनी फेड करता. व्याज जुन्या कार्डापेक्षा बरेच कमी असते. त्याबदल्यात बँक सुरुवातीला प्रक्रिया शुल्क घेते.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. ६०,००० रुपये, प्रक्रिया शुल्क दोन टक्के, व्याज महिन्याला दीड टक्का घटत्या शिल्लकीवर, मुदत २४ महिने. हप्ता येतो २,९९५ रुपये, सुरुवातीला व्याजावरच्या जीएसटीचे दीडशे-एक रुपये वर. म्हणजे आधी किमान रक्कम म्हणून जे भरत होतो जवळपास तेवढेच. दोन वर्षांत कर्ज संपते. व्याज ११,८९१, त्यावरचा कर २,१४०, शुल्क आणि त्याचा कर १,४१६, असा एकूण खर्च साडेपंधरा हजारांच्या आत. तिकडे ७० हजार, इकडे साडेपंधरा. दर तुमच्या बँकेचा वेगळा असेल, तो घालून हाच हिशेब करा.

पण या गणितात आणखी एक गोष्ट दडली आहे आणि ती जाहिरातीत कधी येत नाही. समजा ट्रान्सफर मिळालेच नाही, कार्ड तेच, व्याज तेच, फक्त दरमहा ३,००० ऐवजी ५,६०० भरले. तर कर्ज १५ महिन्यांत फिटते आणि व्याज-कर मिळून सुमारे २१ हजार जातात. ७० हजारांचे २१ हजार फक्त हप्ता वाढवल्याने होतात. म्हणून ज्याला ट्रान्सफर मिळते त्यानेही मुदत लांबवून हप्ता लहान करण्याच्या मोहात पडू नये. तीच रक्कम १२ महिन्यांत फेडली तर हप्ता ५,५०० च्या आसपास येतो आणि एकूण खर्च साडेआठ हजारांवर थांबतो.

फोनवरून योजना विकणाऱ्याला काही प्रश्न स्पष्ट विचारावेत आणि उत्तर लेखी मागावे. पहिला, व्याज फ्लॅट आहे की घटत्या शिल्लकीवर? 'महिन्याला फक्त एक टक्का' हे फ्लॅट असेल तर तुम्ही निम्मे मुद्दल फेडल्यावरही व्याज पूर्ण ६०,००० वर लागत राहते. २४ महिन्यांसाठी त्याचा खरा दर वर्षाला १२ टक्के नसून साडेएकवीसच्या पुढे जातो. दुसरा, 'शून्य टक्के' असेल तर किती दिवस? दोन-तीन महिने शून्य आणि नंतर नेहमीचा दर, ही योजना ज्याला तेवढ्या काळात बोनस किंवा भिशीची रक्कम हमखास मिळणार आहे त्याच्यासाठी ठीक. दरमहा तीन हजार भरणाऱ्याच्या डोक्यावर दोन महिन्यांनी ५४ हजार तसेच राहतात, आणि शुल्क गेलेले असते. मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हेही विचारून ठेवा.

पैसे पोहोचायला काही कामाचे दिवस लागतात. तोपर्यंत जुन्या कार्डाची देय तारीख आली तर किमान रक्कम भरून टाकावी, नाहीतर विलंब शुल्क लागेल. ट्रान्सफर झाल्यावरही जुन्या कार्डावर त्या तारखेपर्यंतचे व्याज पुढच्या बिलात येते. 'आपले तर शून्य झाले' म्हणून अनेक जण ते बिल उघडतच नाहीत आणि तीन-चारशे रुपयांपायी सिबिल खराब करून घेतात. नव्या कार्डाचा एखादा हप्ता चुकला तर त्या हप्त्यावर कार्डाचा नेहमीचा चढा दर लागतो, म्हणून हप्ता पगाराच्या खात्यातून आपोआप कापला जाईल अशी व्यवस्था करावी.

खरी कसोटी मात्र जुन्या कार्डाची आहे. ट्रान्सफर झाले की ते रिकामे होते, ६०,००० ची मर्यादा पुन्हा मोकळी दिसते, आणि सहा महिन्यांत ती भरते. मग एका कर्जाची दोन कर्जे होतात. माझ्या मते ज्याला जुने कार्ड बंद करायचे किंवा अॅपमधून त्याचे व्यवहार थांबवायचे नाहीत, त्याने ट्रान्सफर घेऊच नये. नवीन कार्डावरही फेड संपेपर्यंत खरेदी नको. अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली, त्यात अनणसुख, म्हणजे कुणाचे देणे नसण्याचे सुख, वेगळे मोजले आहे. कार्डाची मोकळी मर्यादा म्हणजे ते सुख नव्हे.

आता अडचणीची बाजू. बॅलन्स ट्रान्सफर देताना बँक तुमचा सिबिल स्कोअर आणि पगाराची पावती बघते. डेपोतल्या कायम कर्मचाऱ्याला ते फोन करून दिले जाते. त्याच गेटमधून आत जाणाऱ्या कंत्राटी कामगाराला, ज्याचा पगार कंत्राटदाराच्या मर्जीने मागेपुढे होतो, दुसरे कार्डच मिळत नाही. स्वस्त कर्ज ज्याला कमी गरज त्याला आधी मिळते, ही जुनीच रीत आहे. अशा तरुणांनी आपल्याच बँकेला बाकीचे हप्ते पाडून द्या अशी विनंती करावी. ती सोय बऱ्याच बँकांत आहे आणि तिचा दर कार्डाच्या व्याजापेक्षा कमी असतो. कर्मचारी सहकारी पतसंस्थेचे सभासद असाल तर तिथले कर्ज पाहावे. घरात थोडे सोने असेल तर बँकेचे सोने तारण कर्ज. आईच्या किंवा बायकोच्या बचत गटाचा अंतर्गत दर महिन्याला दोन टक्के असला तरी तो कार्डापेक्षा स्वस्त आहे. मात्र गटाचे पैसे घेऊन पुन्हा कार्ड वापरणार असाल तर त्या बायकांना यात ओढू नका. आणि मोबाईल अॅपवरून सात दिवसांचे कर्ज काढून कार्ड भरणे हा पर्याय समजूच नये.

'अर्धे भरा, बाकी माफ' असे वसुलीवाले सांगतात, त्याला सेटलमेंट म्हणतात. खरोखर काहीच मार्ग उरला नसेल तर ते करता येते, पण सिबिलमध्ये त्या खात्यापुढे 'सेटल्ड' अशी नोंद लागते आणि पुढे घरकर्ज मागताना ती समोर येते. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत, नातेवाइकांना त्रास देता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेने बजावले आहे. तसे होत असेल तर तारीख-वेळ लिहून ठेवून आधी बँकेकडे तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

फेड पूर्ण झाली की कार्ड बंद करण्याचा अर्ज द्या. बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामाच्या दिवसांत ते बंद केलेच पाहिजे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. हा नियम रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत घातला. बंद झाल्याचे पत्र किंवा ईमेल जपून ठेवा. दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढून पाहा, वर्षातून एकदा तो पूर्ण स्वरूपात मोफत मिळतो. त्यात जुने कार्ड अजून चालू किंवा थकीत दिसत असेल तर दुरुस्तीची तक्रार नोंदवा. ३० दिवसांत ती निकालात निघाली नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.