दहावीचा उत्क्रांतीचा धडा आणि आपली मुले

'माणूस माकडापासून झाला का?' दहावीचे विद्यार्थी घरी येऊन हा प्रश्न विचारतात आणि अनेक पालक गोंधळून जातात. शाळेत एक आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात दुसरे, असे मुलांना वाटू लागले, तर ती एकाला सोडून देतील, ही भीती त्यामागे असते. म्हणून शाळेत नेमके काय शिकवले जाते, हे आधी पाहू.

राज्य मंडळाची शाळा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील असो वा वसईतील, पाठ्यपुस्तक एकच असते. नववीत मेंडेलच्या वाटाण्याच्या प्रयोगांची ओळख होते. शुद्ध उंच व शुद्ध बुटक्या झाडांच्या संकरातून पहिल्या पिढीत सर्व झाडे उंच येतात. पुढच्या पिढीत मात्र तीन उंचांमागे एक बुटके पुन्हा दिसते. 2018 साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा आहे. त्यात जीवाश्म, आंत्रपुच्छासारखे अवशेषांगे असे उत्क्रांतीचे पुरावे दिले आहेत.

त्याच पाठात लॅमार्क आणि डार्विन भेटतात. कमावलेले गुण संततीत उतरतात, असे लॅमार्कचे मत होते. मंगळवार पेठेच्या परिसरातील खासबाग मैदान पाहिलेल्या मुलाला त्यातील चूक सहज कळेल. वस्तादाने तालमीत कमावलेले दंड मुलाला जन्मतः मिळत नाहीत. त्यालाही लाल मातीत उतरावे लागते. डार्विनने 1859 साली वेगळे स्पष्टीकरण मांडले. एकाच जातीच्या जीवांत जन्मतःच थोडे फरक असतात. परिस्थितीला अनुकूल फरक असलेले जीव अधिक टिकतात व त्यांची संतती वाढते. प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू याच रीतीने वाढतात.

आता मूळ प्रश्न. आजच्या माकडापासून माणूस झाला, असे विज्ञान म्हणत नाही. दोघांचे पूर्वज फार प्राचीन काळी समान होते, एवढेच ते सांगते.

यात श्रद्धेला धोका आहे काय? मेंडेल हे ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू होते. त्यांचे संशोधन 1866 साली प्रसिद्ध झाले. त्याचे मोल जगाला 1900 साली, त्यांच्या मृत्यूनंतर कळले. पोप पायस बारावे यांनी 1950 साली मानवी देहाच्या उत्क्रांतीच्या अभ्यासाला मनाई केली नाही. आत्मा मात्र परमेश्वरच निर्माण करतो, हे त्यांनी स्पष्ट केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली हा सिद्धांत केवळ अनुमान राहिलेला नाही, असे मान्य केले. जीव कसे बदलत गेले, हे विज्ञान सांगते. सृष्टी कोणाची आणि कशासाठी, हे उत्पत्तीचे पुस्तक सांगते.

2023 साली एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला, तेव्हा 1,800 हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व नागरिकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. दहावीनंतर अनेक मुले जीवशास्त्र सोडतात. त्यांना हा विषय पुन्हा भेटत नाही, ही त्यांची चिंता होती.

तेव्हा पालकांनो, मुलाने प्रश्न विचारला तर त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर तो पाठ वाचा.