अनुदानाचा जिना : गावच्या वाचनालयाचा हिशेब

पत्रिकेत आजचा विषय ‘लहान अनुदाने आणि लोकसंस्थांची वाढ’ असा छापला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने पैशांवर बोलायचं म्हणजे थोडं विचित्रच. पण आम्ही छत्तीस वर्षं वर्गात ‘मूल्य’ हा शब्द शिकवला आणि त्यातली निम्मी वर्षं गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचे चिटणीस म्हणून वर्गणीच्या पावत्या फाडल्या. मूल्याबद्दल कुठे जास्त शिकलो, असं विचाराल तर उत्तर पुस्तकांच्या बाजूने लागेलच असं नाही.

प्रश्न साधा आहे. संस्थेला थोडे पैसे दिले तर ती मोठी होते का? थोड्या पैशांत थोडंच काम होणार, हे गणित कुणीही करील. तरीही महाराष्ट्रातली कितीतरी वाचनालयं अशा चिमूटभर पैशांवर उभी राहिली आणि वाढली. हे कसं झालं, ते आज पाहायचं आहे. सगळ्या लोकसंस्थांबद्दल बोलण्याची आमची पात्रता नाही, म्हणून वाचनालयाचंच उदाहरण घेऊ.

आधी शब्द पाहू. सवय आहे, सोडवत नाही. ‘दान’ म्हणजे देणं. त्याला ‘अनु’ लागलं की ‘मागून, पाठोपाठ’ असा अर्थ येतो. म्हणजे तुम्ही काही केलंत आणि त्याच्या पाठोपाठ आलं, ते अनुदान. दान घेणाऱ्याने काही केलेलं असावं लागत नाही. अनुदानाला ते असावं लागतं. हा फरक नुसता व्याकरणाचा नाही, हे पुढे दिसेल.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयं जुनी आहेत. रत्नागिरीचं १८२८ सालचं, नाशिकचं १८४० चं, पुण्याचं १८४८ चं. साहेब अधिकारी, संस्थानिक, वकील, शिक्षक अशा मंडळींच्या वर्गणीवर ती चालत. म्हणून ती शहरांत निघाली. खेड्यात वर्गणी देणारा वकील कुठून आणायचा? या प्रश्नाचं पहिलं चांगलं उत्तर दिलं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी. १९१० मध्ये त्यांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. त्यातली गंमतीची गोष्ट अशी की महाराजांना सगळा खर्च उचलणं अवघड नव्हतं, पण त्यांनी तो उचलला नाही. गावाने आपला वाटा जमवायचा, तेवढाच स्थानिक पंचायतीने घालायचा आणि तेवढाच दरबाराने. गावाने काही जमवलं नाही तर दरबारही काही देणार नाही. काहींना यात कंजूषपणा दिसेल. आम्हाला यात मोठा आदर दिसतो. राजा प्रजेला म्हणतोय की तुमच्या पैशाला माझ्या पैशाइतकीच किंमत आहे.

मुंबई इलाख्यात १९३९ साली फैजी समिती नेमली गेली, तिच्या शिफारशींतून स्वातंत्र्याच्या सुमारास अनुदानं सुरू झाली. मग १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम आला. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. ग्रंथसंख्या, वर्गणीदार, नियतकालिकं, कामाचे तास यांवर वर्ग ठरायचा. मान्य खर्चाच्या नव्वद टक्के, तेही त्या वर्गाच्या कमाल मर्यादेत, सरकार देणार. बाकीचे संस्थेने उभे करायचे. आधी वाचनालय चालवून दाखवा, मग पैसे. पुन्हा तोच ‘अनु’.

आता आमच्या वाचनालयाची हकिकत. चावडीशेजारची एक खोली, काही शे पुस्तकं, त्यांतली बरीचशी कुणाच्या तरी माळ्यावरून आलेली. वर्ग अर्थातच ड. पहिल्या वर्षीचं अनुदान एका लोखंडी कपाटात आणि दिवाळी अंकांत संपलं. कार्यकारिणीतले एक काका म्हणाले, “एवढ्यासाठी जिल्ह्याला चार खेपा? एसटीचं भाडं तरी सुटलं का?” हिशेब त्यांचा बरोबर होता.

पण त्या चार खेपांत जे घडलं ते काकांच्या हिशेबात बसत नव्हतं. अनुदान हवं तर दाखल नोंदवही हवी, म्हणजे प्रत्येक पुस्तकाला क्रमांक आला. देवघेव नोंदवही आली. सभेचं इतिवृत्त लिहून त्यावर सह्या घेणं आलं. धर्मादाय कार्यालयात विश्वस्त बदलल्याची नोंद, सनदी लेखापालाकडून तपासणी, वर्षाचा अहवाल, सगळं आलं. जिल्ह्याहून निरीक्षक आले, त्यांनी कपाट उघडून पुस्तकं मोजली आणि “हे पुस्तक नोंदवहीत आहे, कपाटात नाही, कुठे आहे?” असं विचारलं. ते पुस्तक आमच्याच घरी होतं. चिटणीसांच्या! सही न करता नेलेलं. त्या दिवसापासून आम्हीही सही करून पुस्तक नेऊ लागलो.

अॅरिस्टॉटल म्हणतो की माणूस घरं बांधत बांधतच गवंडी होतो, तसा न्यायाने वागत वागतच न्यायी होतो. संस्थाही तशीच घडते. हिशेब ठेवत ठेवत ती विश्वासाची होते. आणि विश्वासाची झाली की दुसरी दारं उघडतात. ड चा क झाला. मग ग्रामपंचायतीने दुसरी खोली दिली, कारण आमच्याकडे दाखवायला इतिवृत्त होतं. एका निवृत्त गुरुजींनी मरताना आपली ठेव वाचनालयाच्या नावे केली, कारण दरवर्षीचा अहवाल ते वाचत होते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांसाठी अर्ज करण्याचं धाडस झालं, कारण जोडायला मागच्या वर्षांचे तपासलेले हिशेब होते. पहिल्या चिमूटभर अनुदानाने यांतली एकही गोष्ट विकत घेतली नव्हती. त्याने फक्त आम्हाला उत्तर द्यायची सवय लावली.

इथपर्यंत ऐकून वाटेल की सगळं छान आहे. तसं नाही.

एका वर्षी अहवाल पाठवायला उशीर झाला. दोष कार्यालयाचा नव्हता, आमचा होता. परीक्षांचे पेपर तपासत बसलो आणि तारीख गेली. अनुदान अडकलं. कार्यकारिणीला फारसं काही वाटलं नाही, पुस्तकं काय पुढच्या वर्षी घेऊ. पण अनुदानाचा निम्मा भाग कर्मचाऱ्याच्या वेतनाचा असतो, आणि आमच्याकडे कर्मचारी एकच होत्या, ग्रंथपाल ताई. त्या आठ महिने बिनपगारी आल्या. दुपारी उघडायच्या, संध्याकाळी झाडून बंद करायच्या. आम्ही माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, “सर, आठ दिवस कुलूप दिसलं तर पोरं परत येत नाहीत. पगाराचं बघू.” नंतर वर्गणीदारांकडून गोळा करून काही रक्कम दिली, पण ती पूर्ण नव्हती. अनुदान ‘लहान’ आहे असं म्हणताना ते कुणाच्या बाजूने मोजतोय हे पाहावं लागतं, हे आम्हाला त्या वर्षी कळलं.

आकडेच पाहा ना. २०१२ नंतर ड वर्गाचं वार्षिक अनुदान तीस हजार रुपये होतं. निम्मे वेतनाचे म्हणजे पंधरा हजार. महिन्याला साडेबाराशे. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली, तरी ते महिन्याला दोन हजारांच्या आसपासच गेलं. राज्यात अशी हजारो वाचनालयं आहेत. ती उघडी राहतात ती अशा तायांच्या उरलेल्या पगारावर, आणि हे आपण कुठल्याही अहवालात देणगी म्हणून लिहीत नाही.

दुसरी गोष्ट जिन्याची. ड, क, ब, अ या चार पायऱ्या होत्या, म्हणून आमच्यासारखे लोक हजारावं पुस्तक आल्यावर पेढे वाटत. २०१२ मध्ये राज्यभर पडताळणी झाली. काही वाचनालयं फक्त कागदावर आहेत असं आढळलं, आणि ते खरंही होतं. आमच्याच तालुक्यातली दोन नावं आम्ही सांगू शकतो, सांगणार नाही. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गबदल थांबवले गेले, आणि पुढची कित्येक वर्षं ते थांबलेलेच होते. न्यायशास्त्रात ‘अतिव्याप्ती’ नावाचा दोष सांगितला आहे. गाईचं लक्षण ‘शिंगं असणं’ असं केलं तर त्यात म्हैसही येते. इथे खोट्यांसाठी केलेल्या नियमात खरेही आले. निकष पूर्ण करूनही ड मध्येच अडकलेल्या संस्थांतली तरुण पोरं हळूहळू बैठकांना येईनाशी झाली. पैसे तेवढेच येत होते बरं का, कमी झाले नव्हते. वरची पायरी तेवढी गेली होती.

म्हणून कुणी साखर कारखाना, कुणी कुटुंबाचा न्यास, कुणी ग्रामपंचायत आम्हाला विचारायला येते की गावच्या संस्थेला काय द्यावं, तेव्हा आम्ही एकरकमी मोठा चेक आणि कोनशिला नको म्हणतो. त्यापेक्षा थोडे द्या, पण पाच वर्षं द्या, ठरलेल्या महिन्यात द्या. इमारतीपेक्षा विजेचं बिल आणि माणसाचा पगार द्या. कोनशिलेवर विजेचं बिल कोरता येत नाही, त्यामुळे ते कुणी देत नाही. संस्थेचा वाटा मागा, पण तो तिला झेपेल एवढाच. आणि पुढच्या वर्षी काय केलं की काय वाढेल, ते आधीच सांगून ठेवा.

आमचंच चाललंय ते सांगतो. पुढच्या महिन्यात वर्गणीदारांची सभा आहे. आपला वाटा वाढवायचा तर महिन्याची वर्गणी दहा रुपयांनी वाढवावी, असं आमचं मत आहे. ग्रंथपाल ताईंचं मत उलट आहे. त्या म्हणतात, अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलींपैकी सहा जणी त्या दहा रुपयांसाठी नाव काढतील. त्या सहा जणींची नावं त्यांना माहीत आहेत, आम्हाला नाहीत.