चूक कुणाची? रस्त्यावरच्या ठोकरीचं तर्कशास्त्र

मंडळी, मागच्या दोन व्याख्यानांत आपण कार्यकारणभावाबद्दल बोललो. त्यानंतर दोन-तीन चिठ्ठ्या आल्या. त्यांचा सूर एकच, की सर, हे घट आणि मृत्तिका पुरे झालं, रोजच्या जगण्यातलं काहीतरी घ्या. ठीक आहे. वसई-विरारमध्ये राहणाऱ्या माणसाला रोजच्या जगण्यातलं म्हणजे ट्रॅफिक. तेव्हा आज एक छोटी ठोकर घेऊ. कुणी मेलं नाही, कुणाला लागलं नाही, पत्रा चेपला आणि दिवा फुटला, एवढीच. मोठ्या अपघातात पोलीस, डॉक्टर, न्यायालय सगळे येतात आणि विचार करायचं काम ते उचलतात. छोट्या ठोकरीत ते काम भर रस्त्यात तुमच्या-माझ्यावर पडतं.

समजा, संध्याकाळचे सात वाजलेत. अंबाडी रोडवर एक रिक्षा चालली आहे, तिच्या मागे एक कार. कडेला उभ्या असलेल्या बाईंनी हात दाखवला, रिक्षा थांबली आणि मागची कार तिच्यावर आदळली. दोघेही खाली उतरले. रिक्षावाला म्हणतो, "मागून ठोकलंत, तुमची चूक." कारवाला म्हणतो, "मधेच थांबलास, तुझी चूक." इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एकजण 'तुमची' म्हणतो, दुसरा 'तुझी'. पुरावा एका पैचा नाही, पण व्याकरणाने निकाल देऊन टाकला! पाचव्या मिनिटाला दोघेही हिंदीवर येतात, कारण आपल्याकडे भांडणाची राजभाषा तीच आहे. (हशा) दहाव्या मिनिटाला वीस माणसं जमतात आणि कुणीतरी म्हणतं, "पाच हजार द्या आणि मिटवा."

या दहा मिनिटांत तीन वेगवेगळे प्रश्न एका गोणीत भरले गेले. घडलं काय, हा पहिला. ते कशामुळे घडलं, हा दुसरा. आणि पैसे कुणी भरायचे, हा तिसरा. खरं तर चौथाही एक असतो, तो कुणी उघड विचारत नाही, की आपल्या दोघांत नालायक कोण? भांडण बहुतेक वेळा त्या चौथ्यावरच चालतं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आपल्या घरचा आहे. नैयायिक म्हणतात, कार्याच्या आधी नेमाने असतं आणि ज्याच्यावाचून कार्याचा उलगडा होत नाही, ते कारण. मग ते कारण नसलेल्या गोष्टींची यादी देतात, त्यांना अन्यथासिद्ध म्हणतात. त्या यादीत दोन गमतीदार पात्रं आहेत. एक कुंभाराचा बाप आणि दुसरं कुंभाराचं गाढव. बाप नसता तर कुंभार नसता, गाढव नसतं तर माती आली नसती, कबूल. तरी मडक्याचं कारण म्हणून त्यांना धरत नाहीत. आता रस्त्यावरचं भांडण आठवा. "तुम्ही या वेळेला गाडी काढताच कशाला?" "आरटीओ कुणालाही लायसन देतं." "महापालिकेने खड्डा बुजवला असता तर..." हे सगळे कुंभाराचे बाप आहेत. खड्ड्याचं मात्र जरा जपून बोलतो. खड्डा चुकवायला कुणी वळला आणि त्यातून ठोकर झाली, तर खड्डा गाढवाच्या रांगेतून उठून कारणांच्या रांगेत येऊन बसतो. नुसता तिथे होता म्हणून नाही.

आता 'मागून ठोकलं म्हणजे मागच्याची चूक' या वाक्याकडे येऊ. तर्काच्या भाषेत ही व्याप्ती झाली, जिथे धूर तिथे अग्नी तशी. ती खरी आहे का? बऱ्याच अंशी आहे. १९८९ च्या रस्ता-नियमांत २३ वा नियम होता, की पुढचं वाहन अचानक थांबलं तरी धडक टळेल एवढं अंतर ठेवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रकला मागून धडकलेल्या एका कारच्या प्रकरणात हाच नियम लावला. दोन वाहनांमधलं अंतर जेमतेम १० ते १५ फूट होतं, आणि ट्रकने अचानक ब्रेक मारला, या सबबीने कारचालक सुटला नाही.

पण त्याच नियमावलीत लगेच पुढचा, २४ वा नियम असा होता, की सुरक्षेसाठी गरज नसताना एकदम ब्रेक मारू नये. म्हणजे एक नियम मागच्याला सांगितलेला, दुसरा पुढच्याला, आणि दोन्ही शेजारीशेजारी. पुढे २०१७ मध्ये नवी नियमावली आली, पण ही दुहेरी जबाबदारी काही संपली नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे कोइंबतूरचं एक प्रकरण होतं. महामार्गावर कार अचानक थांबली, मागून मोटारसायकलवर येणारा विद्यार्थी तिच्यावर आदळून पडला आणि मागच्या बसखाली सापडून त्याचा पाय गेला. न्यायालयाने कारवर ५० टक्के, बसवर ३० टक्के आणि त्या विद्यार्थ्यावर २० टक्के जबाबदारी टाकली. मागून आदळलेल्याचा वाटा सगळ्यात कमी!

दोन निकालांत विरोध आहे असं वाटलं, तर पुन्हा पाहा. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला आहे, की त्या क्षणी प्रत्येकाने काय सांभाळायला हवं होतं आणि कुणी ते किती सांभाळलं नाही. चूक ही एखाद्या वस्तूसारखी एकाच्याच खिशात सापडेल असं नसतं, तिची वाटणी होते. आपल्या उदाहरणात कारने अंतर ठेवलं नव्हतं आणि रिक्षा कडेला न घेता रस्त्याच्या मधेच थांबली, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. भांडणाऱ्यांना मात्र वाटतं, की समोरच्याची चूक सिद्ध झाली की आपली आपोआप पुसली जाते. तो हिशेबच चुकीचा आहे.

बरं, हे ठरवायचं कशावरून? गाड्या कशा उभ्या आहेत ते बघून लोक निर्णय देतात. न्यायालय इथे सावध आहे. २०१३ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अपघातानंतर वाहनं कुठे आढळली, एवढ्यावरून चालकाचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. ठोकरीनंतरचा फोटो म्हणजे शेवटाचा फोटो, आधीचं सगळं अनुमान. तरीही फोटो काढाच. दोन्ही गाड्या, नंबर, रस्त्यावरच्या काचा, आजूबाजूचं दुकान, सगळं यायला हवं. मग गाड्या बाजूला घ्या, मागचे लोक तुमच्या न्यायासाठी ताटकळत राहायला बांधील नाहीत.

आणि साक्षीदार? इथे आपल्या भागाबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. वसईत गर्दी जमली की पहिला प्रश्न 'काय झालं' हा नसतो, 'कुठला आहे' हा असतो. गावातला की बाहेरचा, पूर्वेचा की पश्चिमेचा, एमएच ४८ की दुसऱ्या राज्याची पाटी. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आप्त कुणाला म्हणावं ते सांगितलंय. ज्याने वस्तू नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे, असं तो म्हणतो. दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस हे म्हणतो आणि आपण नंबरप्लेट वाचून आप्त ठरवतो! ज्या बाईंनी हात दाखवला, त्या खऱ्या साक्षीदार. त्या बहुधा दुसऱ्या रिक्षाने निघून गेलेल्या असतात.

'मोठ्या गाडीची चूक' या रूढीबद्दलही बोलायला हवं. पुरावा म्हणून ती टाकाऊ आहे. पण तिच्यात एक नैतिक कण आहे, की ज्याच्या हातात इजा करण्याची ताकद जास्त, त्याची काळजी घेण्याची जबाबदारीही जास्त. कायद्यानेही एका जागी चूक आणि भरपाई यांची फारकत केली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये चूक सिद्ध न करता मागता येतात. पत्र्याच्या नुकसानीला मात्र ही सोय नाही.

आता पैशांकडे, म्हणजे तिसऱ्या प्रश्नाकडे. कारवाल्याची पॉलिसी सर्वसमावेशक असेल तर त्याच्या गाडीचा खर्च त्याचीच विमा कंपनी देते, चूक कुणाचीही असो. नियमाची १,००० किंवा २,००० रुपयांची वजावट होते आणि पुढच्या वर्षीची नो-क्लेम सवलत, जी ५० टक्क्यांपर्यंत असते, ती जाते. रिक्षावाल्याकडे मात्र अनेकदा फक्त थर्ड पार्टी विमा असतो. त्याला कारच्या विम्यातून पैसे हवे असतील तर कारवाल्याची चूक सिद्ध करावी लागते. त्यात महिने जातात, आणि रिक्षा गॅरेजमध्ये उभी राहिली की रोजची कमाई बंद. म्हणजे गंमत बघा, 'चूक कुणाची' या प्रश्नावर ज्याचं पोट अवलंबून आहे तो रिक्षावाला. कारवाल्याचं त्यावर फारसं काही अडलेलं नसतं, अभिमान सोडला तर. आणि आवाज जास्त कुणाचा चढतो?

म्हणून छोट्या नुकसानीत जागेवर मिटवण्यात मला कमीपणा वाटत नाही. फक्त दडपणाखाली देऊ नये, आणि कुणाला लागलेलं असेल तर अजिबात मिटवू नये. तिथे कलम १३४ आहे. जखमीला उपचार मिळवून द्या, पोलीस हजर नसतील तर जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत कळवा, विमा कंपनीला लेखी कळवा. आपला कायदा इतका व्यवहारी आहे, की जमावाच्या क्षोभामुळे जखमीला मदत करणं शक्य नसेल तर, अशी सवलतही त्यात लिहून ठेवली आहे. गर्दी अंगावर येतेय असं दिसलं तर ११२ लावा आणि सरळ पोलीस ठाण्यात चला म्हणा. खरा तक्रारदार त्याला नाही म्हणत नाही.

मिटवलं तर कागदावर चार ओळी लिहा. तारीख, वेळ, जागा, दोन्ही नंबर, रक्कम, वाहनाच्या नुकसानीबद्दल यापुढे मागणी नाही, आणि दोघांच्या सह्या. पैसे मोबाईलवरून द्या, नोंद राहते. त्या कागदावर 'चूक' हा शब्द लागतच नाही. पण एक अट ध्यानात ठेवा. समोरच्याची भरपाई विमा कंपनीने द्यावी अशी इच्छा असेल, तर तिच्या लेखी संमतीवाचून कबुली किंवा आश्वासन देऊ नका असं पॉलिसीत लिहिलेलं असतं. यावर एका चिठ्ठीत विचारलंय, "म्हणजे खोटं बोलायचं का?" नाही. 'मी मागे होतो, ब्रेक लावला, गाडी आदळली' ही घटना झाली, ती जशीच्या तशी सांगा. 'सगळी चूक माझी' हा निष्कर्ष आहे, आणि तो काढण्याइतकी माहिती त्या क्षणी तुमच्याजवळ नसते. "तुम्हाला लागलं का हो?" हे विचारणं तर कबुलीही नाही, ते आधी विचारा. खोटेपणा खरा कुठे होतो, तर नंतर क्लेम फॉर्मवर. 'उभ्या गाडीला अज्ञात वाहनाने धडक दिली.' सुशिक्षित घरांत हे वाक्य सर्रास लिहिलं जातं आणि त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

शेवटची चिठ्ठी डॅशकॅमबद्दल आहे. लावा, चांगलाच आहे. पण तो सहसा पुढचं बघतो, मागून कुणी ठोकलं तर त्याला फक्त हादरा कळतो. आणि कार्ड भरलं की तो जुन्यावर नवं चित्रण करत जातो, तेव्हा त्या रात्रीच ते चित्रण दुसरीकडे उतरवून ठेवा.