वारसा जपणारे खाते

(गावातील जुनी वास्तू, जुने कागद आणि जुने कलावंत यांची काळजी शासनाचे कोणते खाते घेते, त्या खात्याची रचना कशी आहे आणि त्याच्याशी आपला काय संबंध आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

समजा, तुमच्या गावाला एक जुनी वेस आहे. वेशीच्या कमानीवर शिलालेख कोरलेला आहे. त्याची अक्षरे तुम्हांला ओळखीची वाटतात. पण भाषा फारसी असल्यामुळे अर्थ पुरता लागत नाही. दरवर्षी सणाच्या वेळी कोणीतरी त्यावर चुना फासतो आणि एकेक अक्षर बुजत जाते. गावातल्याच एका जुन्या घरात लाकडी पेटी आहे. तिच्यात मोडी आणि फारसी लिपींतले कागद आहेत. त्यांना वाळवी लागली आहे. त्याच गावात एक वृद्ध शाहीर राहतात. चाळीस वर्षे त्यांनी डफावर थाप मारून पोवाडे गायले. आता त्यांचा आवाज थकला आहे आणि घरात मिळवते कोणी नाही.

वेस, कागद आणि शाहीर. या तिन्हींना वाचवायचे, तर कोणाचे दार ठोठवायचे?

भारताच्या राज्यघटनेत केंद्र आणि राज्य यांच्या कामांची वाटणी केलेली आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके केंद्राकडे आहेत. म्हणून अजिंठा व वेरूळची लेणी, दौलताबादचा किल्ला आणि बीबी का मकबरा यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे केंद्राचे खाते करते. इतर प्राचीन स्मारके, राज्याची वस्तुसंग्रहालये, नाटके आणि नाट्यगृहे हे विषय मात्र राज्याकडे आहेत. महाराष्ट्रात ही कामे पाहणाऱ्या खात्याला सांस्कृतिक कार्य विभाग म्हणतात. शासनाच्या कागदांवर त्याचे नाव पर्यटनाच्या जोडीने, म्हणजे 'पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभाग' असे वाचायला मिळते.

या खात्याचे प्रमुख मंत्री असतात. ते विधिमंडळाला उत्तर देण्यास बांधलेले असतात. मुंबईच्या मंत्रालयात त्यांच्या मदतीला सचिव असतात. सचिवांच्या हाताखाली उपसचिव, अवर सचिव आणि कक्ष अधिकारी अशी उतरंड असते. योजना कोणती असावी, तिच्यावर किती पैसा खर्च करावा, हे येथे ठरते. पैशाला विधिमंडळाची मंजुरी लागते. ठरलेली गोष्ट लेखी आदेशाच्या रूपाने बाहेर पडते. त्या आदेशाला 'शासन निर्णय' म्हणतात.

पण मंत्रालयातील अधिकारी वेशीचा चुना काढायला येत नाहीत. प्रत्यक्ष काम करण्यासाठी खात्याच्या हाताखाली संचालनालये आहेत. थोडक्यात सांगायचे, तर मंत्रालय ठरवते आणि संचालनालय करते. प्रत्येक संचालनालयाचा प्रमुख 'संचालक' असतो.

वेशीचा प्रश्न पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे जातो. त्याचे मुख्य कार्यालय मुंबईत सेंट जॉर्ज किल्ल्यात आहे. पुणे, नाशिक, रत्नागिरी, नागपूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर येथे त्याची विभागीय कार्यालये आहेत. १९६० सालच्या कायद्याप्रमाणे राज्य शासन एखादी जुनी वास्तू 'राज्य संरक्षित स्मारक' म्हणून जाहीर करू शकते. आधी अधिकारी वास्तूची पाहणी करतात. मग शासन अधिसूचना काढते व लोकांच्या हरकती मागवते. त्यांचा विचार करून अंतिम अधिसूचना निघते. त्यानंतर त्या वास्तूची तोडफोड करणे हा गुन्हा ठरतो. राज्यात अशी साडेतीनशेहून अधिक स्मारके आहेत. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालयही हेच संचालनालय चालवते. १८६३ साली सुरू झालेल्या या संग्रहालयाला नागपूरकर 'अजब बंगला' म्हणतात. वेशीवरचा लेख वाचण्यासाठी तज्ज्ञ हवा असेल, तर तोही दूर नाही. अरबी व फारसी शिलालेखांचा अभ्यास करणारी केंद्राची शाखा नागपूरलाच आहे.

पेटीतल्या कागदांसाठी पुराभिलेख संचालनालय आहे. पुराभिलेख म्हणजे जुनी दफ्तरे. मुंबईत इंग्रजांनी १८२१ साली दफ्तरखाना सुरू केला, त्यातून हे कार्यालय वाढत गेले. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत त्याचे मुख्य दफ्तर आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांची हजारो गाठोडी आहेत. कापडात बांधलेल्या या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. कोणत्या गावाने किती सारा भरला, दुष्काळात कोणाला सूट मिळाली, कोणत्या मंदिराला किंवा दर्ग्याला जमीन दिली गेली, अशा गोष्टी जुन्या दफ्तरांत सापडतात. वाळवीने एक कागद खाल्ला, तर गावाच्या इतिहासाचे एक पान जाते.

आता शाहीर. त्यांची काळजी सांस्कृतिक कार्य संचालनालय वाहते. १९५४ साली सुरू झालेली राज्य नाट्य स्पर्धा हेच संचालनालय भरवते. मराठीबरोबर हिंदी व संस्कृत नाटकांच्याही स्पर्धा होतात. तमाशा, दशावतार, खडीगंमत, शाहिरी अशा लोककलांचे महोत्सव आणि प्रशिक्षण शिबिरे हे संचालनालय घेते. 'शाहीर' हा शब्द 'शायर' या शब्दापासून आला आणि 'तमाशा' हा शब्दही तुमच्या घरात रोज बोलला जातो. पेशवाईतले सगनभाऊ आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लोकांना जागवणारे बार्शीचे अमर शेख ही शाहिरांतील मोठी नावे आहेत.

वृद्ध साहित्यिक व कलावंतांना शासन दरमहा मानधन देते. २०२४ साली ही रक्कम ५,००० रुपये करण्यात आली. अर्जदाराचे वय, उत्पन्न आणि त्याने कलेची सेवा किती वर्षे केली, हे पाहिले जाते. जिल्ह्याची समिती कलावंतांची निवड करते. खरी अडचण पुराव्याची असते. शाहिराचे आयुष्य फडावर गेले. कागद जपण्याची सवय त्याला कोठून असणार? जुनी छायाचित्रे, कार्यक्रमाच्या पत्रिका, वर्तमानपत्रातील कात्रणे, संस्थांची प्रमाणपत्रे कोणीतरी शोधून एकत्र करावी लागतात. तसे झाले नाही, तर योजना असते, पैसाही असतो, पण लायक माणूस रिकाम्या हाताने बसून राहतो.

संस्कृतीची सारीच कामे या एका खात्याकडे आहेत, असे मात्र नाही. मराठी भाषेसाठी २०१० साली स्वतंत्र मराठी भाषा विभाग झाला. साहित्य आणि संस्कृती मंडळ व विश्वकोश मंडळ त्याच्याकडे आहेत. सार्वजनिक ग्रंथालये उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत. राज्याची उर्दू साहित्य अकादमी अल्पसंख्याक विकास विभागाच्या हाताखाली काम करते. गोरेगावची चित्रनगरी चालवणारे महामंडळ सांस्कृतिक कार्य विभागाचे आहे. पण ते १९७७ साली स्थापन झालेली स्वतंत्र कंपनी म्हणून काम करते. म्हणूनच अर्ज लिहिण्यापूर्वी तो कोणाच्या नावे लिहायचा, हे माहीत हवे. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. तोवर चुन्याचा आणखी एक थर चढतो आणि वाळवी आणखी एक कागद खाते.

महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे. शासनाचा कारभार मराठीत चालतो. त्या शाहिरांना मराठीत अर्ज लिहून देणारे कोणीतरी हवे आहे. तो अर्ज तुम्ही लिहू शकता. त्यासाठी लागणारे कितीतरी शब्द तुम्ही घरूनच घेऊन आला आहात : अर्ज, दाखला, हुकूम, मंजूर, दफ्तर, तालुका, जिल्हा. फारसी-अरबीतून आलेले हे शब्द शेकडो वर्षांपासून मराठीच्या कारभारात नांदत आहेत. वेशीवरची अक्षरे आणि अर्जातले शब्द, दोन्ही तुमच्या ओळखीचे आहेत. आता दार कोणते ठोठवायचे, हेही तुम्हांला ठाऊक झाले आहे.

शब्दार्थ

वेस – गावात शिरण्याचा दरवाजा
उतरंड – एकाखाली एक अशी रचना
अधिसूचना – शासनाने राजपत्रात दिलेली जाहीर सूचना
हरकत – विरोध, आक्षेप
सारा – जमिनीवरील कर
मानधन – सन्मानाने दिलेली रक्कम
फड – तमाशाची किंवा शाहिरांची मंडळी. त्यांच्या कार्यक्रमाची जागा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'शासन निर्णय' कशाला म्हणतात?
(आ) पेशवे दफ्तरातील गाठोड्यांना काय म्हणतात?
(इ) उर्दू साहित्य अकादमी कोणत्या विभागाच्या हाताखाली काम करते?

२. कारणे लिहा.
(अ) लायक कलावंतालाही कधी कधी मानधन मिळत नाही.
(आ) अजिंठ्याच्या लेण्यांची देखभाल राज्याचे खाते करत नाही.

३. पुढील कामे कोणत्या संचालनालयाची आहेत, ते लिहा.
नाट्य स्पर्धा भरवणे, मोडी कागद सांभाळणे, जुन्या वास्तूची पाहणी करणे.

४. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूविषयी योग्य कार्यालयाला पत्र लिहा.

५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे दहा शब्द शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.