पुस्तक कुठं मिळेल?

वाचनालयातल्या जुन्या कादंबरीच्या समासात पेन्सिलीचे शेरे हमखास सापडतात. ‘हे काही पटत नाही’ असं एक बारीक, वळणदार अक्षर म्हणतं. त्याच्याखाली गिचमिड अक्षरात कुणी उत्तर दिलेलं असतं, ‘मग पुढे वाचू नका’. आणि तिसरा एखादा या दोघांना ‘वाचनालयाचे पुस्तक खराब करू नये’ असं चक्क शाईच्या पेनानं बजावून गेलेला असतो. या तिघांची जन्मात गाठ पडलेली नसते. फेसबुक-व्हॉट्सअॅपवरच्या पुस्तकप्रेमी समूहांना डोक्यावर घेणाऱ्यांनी आणि त्यांच्याकडे बघून नाक मुरडणाऱ्यांनीही आधी हा समास पाहावा. अनोळखी वाचकाशी पुस्तकावरून बोलायची, जमल्यास भांडायची खोड जुनीच आहे. मोबाइलनं तिला वेग दिला आणि ग्रंथपालाचं खोडरबर वाचवलं, इतकंच.

कोल्हापूरला तर ही खोड फारच जुनी. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीची. ना. सी. फडके राजाराम कॉलेजात शिकवत होते आणि १९३८ साली वि. स. खांडेकर शिरोड्याहून इथं राहायला आले. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादावर सगळा महाराष्ट्र हिरिरीनं बोलत होता. कोल्हापूरकरांच्या दृष्टीनं तो एकाच गावातल्या दोघांचा वाद होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट १९४५ ची. त्या वर्षी कोल्हापूर संस्थानानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. मद्रासचा कायदा १९४८ मध्ये आला, महाराष्ट्राचा १९६७ मध्ये. लोकांनी काय वाचावं हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण वाचायला पुस्तक मिळावं ही सगळ्यांची मिळून जबाबदारी आहे, हा विचार त्यामागे होता. ऑनलाइन समूहांबद्दल माझं जे म्हणणं आहे ते याच फरकावर उभं आहे: समूह हा उत्तम सल्लागार आहे, पण तो कोठार नाही. कोठाराशी नातं जोडल्याशिवाय त्याचा सल्ला अर्ध्या वाटेवर राहतो.

सल्लागार म्हणून त्याची योग्यता मोठी आहे, हे आधी मान्य करायला हवं. वर्तमानपत्रातलं परीक्षण नव्या पुस्तकाचं असतं. वर्षभरापूर्वीचं पुस्तकही तिथं शिळं ठरतं. समूहावर तसं नसतं. आनंद यादवांची ‘गोतावळा’ १९७१ ची, पण कुणीतरी ती काल रात्री संपवलेली असते, चादरीवर ठेवून मुखपृष्ठाचा फोटो काढलेला असतो, आणि खाली कागलच्या रानाबद्दल, ट्रॅक्टर आल्यावर बैलांचं काय झालं याबद्दल पन्नास जण बोलत असतात. वाचकांना एकमेकांशी जोडायचं हे काम ‘ललित’ मासिकानं जानेवारी १९६४ पासून टपालाच्या वेगानं केलं. परदेशातल्या मराठी माणसांना १९९६ साली ‘मायबोली’ या संकेतस्थळानं तसा कट्टा दिला. आता चंदगड किंवा गगनबावड्याच्या वाचकालाही तो खिशात मिळाला आहे. परीक्षणाचा दर्जा मात्र विचारू नये. ‘निःशब्द’ हा एक शब्द टाकून शेकडो जण मोकळे होतात, आणि आपल्याकडचा वाचक ‘नाद खुळा’ म्हणून विषय संपवतो. पण शिफारस म्हणून ‘नाद खुळा’ वाईट नाही. ती पैसे घेऊन केलेली नसते.

अडचण यानंतर सुरू होते. कुठल्याही मराठी पुस्तकसमूहात, कुठल्याही पोस्टखाली एक प्रश्न येतोच: ‘कुठं मिळेल?’ आणि लगोलग दुसरा: ‘पीडीएफ आहे का?’ या प्रश्नांना आळशी म्हणून झटकणं सोपं आहे, पण त्यांचं कारण मराठी प्रकाशनव्यवहारात आहे. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण हजार-अकराशे प्रतींची. ती संपली की दुसरी काढायला प्रकाशक धजेलच असं नाही. निपाणीत पिठाची गिरणी चालवत लिहिणारे महादेव मोरे घ्या. सीमाभागातल्या ड्रायव्हर-मेकॅनिकांचं, तंबाखूच्या वखारीतल्या बायांचं जगणं त्यांच्याइतकं आतून फार थोड्यांनी लिहिलं. पण समूहावर कुणी त्यांच्या एखाद्या जुन्या पुस्तकाबद्दल भरभरून लिहिलं, तर वाचून हळहळणाऱ्यानं जायचं कुठं? दुकानात नाही, ऑनलाइन विक्रीत नाही. मग चोरटी पीडीएफ फिरते. ती फिरवणाऱ्यांना आपण साहित्यसेवा करतो असं मनापासून वाटतं. कायदा वेगळं सांगतो: लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे ‘ययाति’ २०३६ संपेपर्यंत कुणाला फुकट वाटता येणार नाही. फुकटाइतक्याच स्वस्तात आणि कायद्यानं वाचायची सोय एकच, ती म्हणजे वाचनालय. आणि नेमकं त्याचंच नाव त्या पोस्टखाली क्वचित निघतं.

समूहांवर दुसरा एक आक्षेप घेतला जातो, तो जास्त टोकदार आहे. ‘मराठीत काय वाचू?’ असं विचारलं की ठरलेली दहा नावं येतात, म्हणजे गर्दी आवडीला सपाट करते. हे खरं आहे, आणि कोल्हापूरकरांनी ते जरा ओशाळूनच मान्य करावं. कारण त्या दहांतली तीन आपल्याच जिल्ह्याची. ‘स्वामी’ (१९६२) कोवाडच्या रणजित देसाईंची, ‘मृत्युंजय’ (१९६७) आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची, आणि ‘ययाति’ लिहिणारे खांडेकर इथंच राहिलेले. त्याच जिल्ह्यातल्या राजन गवसांची ‘तणकट’ आणि कृष्णात खोतांची ‘रिंगाण’ यांना साहित्य अकादमी मिळूनही ती यादीत आली तर आली. पण हा दोष समूहाचा की प्रश्नाचा? मोघम विचारलं की गर्दी उत्तर देते. ‘धरणात गेलेल्या गावाबद्दल काही आहे का?’ असं नेमकं विचारून बघावं; शंभरांतला एक जाणकार पुढे होतो आणि ‘रिंगाण’चं नाव घेतो. पूर्वी हे काम मुरलेला ग्रंथपाल करायचा. मला वाटतं, समूहाची खरी किंमत त्या एका माणसात आहे, बाकीच्या नव्याण्णवांच्या अंगठ्यांत नाही.

तो एक माणूस जे सांगतो ते टिकतं का, हा प्रश्न मात्र राहतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. पुस्तकांवर तिथं रात्र-रात्र चाललेल्या चर्चा आज शोधून दाखवाव्यात. गुडरीड्स हे जगातलं मोठं वाचकांचं संकेतस्थळ २०१३ साली अॅमेझॉननं विकत घेतलं. वाचकांनी हौसेनं लिहिलेले अभिप्रायही त्या सौद्यात गेले. व्हॉट्सअॅपवर तर मोबाइल बदलताना आठवणीनं जपून ठेवलं नाही, तर मागचं विसरायचं. याउलट वाचनालयात दाखल नोंदवही असते. कुठलं पुस्तक कधी आलं, कितीला घेतलं, की कुणी भेट दिलं, हे त्यात ओळीनं लिहिलेलं असतं आणि कार्यकारिणी बदलली तरी वही बदलत नाही.

यावर कुणी म्हणेल, वाचनालयांचीच अवस्था काय आहे ते आधी बघा. बघायलाच हवी. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय-कर नाही, म्हणून राज्यातली हजारो वाचनालयं वर्गणी आणि तुटपुंज्या अनुदानावर चालतात. गावोगावच्या वाचनालयांत कर्मचारी अर्धवेळ, वेळा नोकरदाराला गैरसोयीच्या, आणि यादी अजून कपाटातल्या वहीत. पण यातलं शेवटचं दुखणं समूहाला सहज बरं करता येईल. ज्यांना रोज मुखपृष्ठांचे फोटो टाकता येतात, त्यांना चार रविवार बसून तालुक्याच्या वाचनालयाची यादी मोबाइलवर उतरवता येणार नाही असं नाही. वाचकांचा गट आणि पुस्तकांचा साठा यांची सांगड बसते हे नाशिकनं दाखवलं आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात २००९ पासून पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटाकडे जातात, गटातली माणसं ती आपसात फिरवतात, मग पेटी बदलते. परदेशातल्या मराठी वाचकांपर्यंतही त्या पोचल्या. तिथं ‘कुठं मिळेल?’ हा प्रश्नच पडत नाही, कारण पुस्तकाची गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात पुस्तकही असतं.

तोवर चाललं आहे ते असं. समूहावर एखादं पुस्तक ‘आता कुठंच मिळत नाही’ म्हणून साठ जण हळहळतात. त्याच वेळी एखाद्या वाचनालयात त्या पुस्तकाच्या मागच्या पानावर डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहून ग्रंथपाल बाई मान हलवतात. शेवटचा शिक्का पंधरा वर्षांपूर्वीचा. कुणी मागत नाही, जागा तर हवी आहे. निर्लेखनाच्या यादीत त्या त्याचा दाखल क्रमांक लिहितात आणि पुढचं पुस्तक उघडतात.